डोमाजी पट्टीबंधकाची रीत

रात्री दाणा द्यायचा नाही. पाणी मात्र द्यायचं.
"उपाशी चालते," डोमाजी म्हणाले,
"पन तहानली नोको ठेवू, माय."

म्हणून काल दिवेलागणीला
तिला एकटीला डालग्याखाली घातलं, वाटीभर पाणी ठेवलं.
बाकीच्या अकरा जणी खुराड्यात कुरकुरल्या
आणि निजल्या.

एकतीस वर्षं डोमाजी
दारव्ह्याच्या जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते.
खुरात फिनेल ओतलं, मोडकी शिंगं बांधली,
अडलेली वासरं कोपरापर्यंत हात घालून ओढली.
कापायला शिकवणारा माणूस मला असा मिळाला
ज्यानं जन्मभर शिवलं.

नवरा असता तर अंगणभर धावाधाव,
एक घाव, दुसरा घाव,
तिसऱ्याआधी शिवी.
तो चाकणला कंपनीत बंपर जोडतो.
शिमग्याला येतो.
कोंबडी कापून झालेली असावी, एवढंच त्याचं म्हणणं.

गोडेतेलाचा पाच लिटरचा डबा,
बूड कापलेला, तोंड रुंद केलेलं,
बाभळीच्या खुंटाला उलटा ठोकला.
त्यात ती डोक्याकडून उतरली आणि गप्प झाली,
तापातल्या पोराला गोधडीत गुंडाळावं तशी.
सुरी आधी मनगटाच्या लवेवर पाहायची.
लव गेली तर सुरी. नाही तर नुसतं लोखंड.

डोळ्यावर अंगठा. तिच्यापुरती रात्र.
कानाखालून एकदाच, रुपयाएवढं.
आणि हात काढायचा नाही.
लोक घाव घालतात नि हात धुवायला जातात,
डोमाजींचा राग एवढ्यावरच.
डोकं धरून उभं राहायचं, संपेपर्यंत.

मी मोजलं.
अकराला पाय ताणले.
सोळाला पंख डब्याला आतून थापटू लागले.
"थे आता तिचं नाई. आंगाचं हाय."
तेविसाला तेही थांबलं.
मी चाळीसपर्यंत मोजत राहिले.

पाणी उकळू द्यायचं नाही.
बोट बुडवून तीन म्हणता आलं नाही की पुरे.
पिसं मुठीमुठीनं आली,
उरलेली लव तुराट्यांच्या जाळावर.
तो वास सणाचा की मसणाचा,
नाकाला ठरवता येत नाही.

तिचीच पाळी का?
अंडी बंद होती म्हणून.
दोन महिने, कॅलेंडरवर रोज फुली मारलेली.

पोट उघडलं. पित्त न फोडता काळीज काढलं,
पथरी काढली, आत खडे, एक हिरवी काच.
मग पाठीच्या कण्याला लागून बोटांना लागले
बलक.
लिंबाएवढा, बोराएवढा, चण्याएवढा,
मग ज्वारी, मग मोहरी,
उद्या, परवा, तेरवा,
पुढचे डोळ्यांना दिसेनात.

ती घालत होती.
कुठंतरी, माझ्या हिशेबाबाहेर.

टिनू काही बोलली नाही.
तुराट्यांच्या गंजीमागं गेली
आणि फ्रॉकच्या ओच्यात घेऊन आली.
सात. सगळी थंड.

डोमाजी हात धूत होते.
"बुडाच्या दोन हाडांमंधी बोटं ठेवून पाह्यची.
दोन बसले त घालते. नाई बसले त नाई."
हे आज सांगितलं. आत्ता.
"काल काऊन नाई सांगतलं?"
"तू पाह्यलं असशीन, असं वाटलं."

रस्सा त्यांनी नेला नाही.
ज्यांना टाके घातले त्यांच्यातलं ते काही खात नाहीत.
कोरा चहा घेतला, टोपी झटकली, गेले.
आम्ही जेवलो. बलक टिनूच्या ताटात वाढले.
तिनं खाल्ले, मोठ्यापासून लहानाकडे.

रात्री मोबाइलच्या उजेडात
खुराड्यात हात घातला.
एकेक उबदार बूड, झोपेतली कुरकुर.
दोन बसतात. दोन बसतात. नाही बसत.
दोन बसतात.
पिवळ्या पायांच्या तलंगीपाशी थांबले:
एक बसतं, दुसरं अर्धं.
पुन्हा ठेवून पाहिलं.
माझंच बोट जाड असेल.